चोच आणि चारा

दिवाळी आली की आमच्या स्वयंपाकघरातल्या मांडणीवर चकल्यांचा डबा, अनारशांचा डबा, चिवड्याचा डबा अशी ओळ लागते. यंदा त्या ओळीच्या शेवटी, खिडकीच्या कडेला, एक काचेची बरणी येऊन बसली आहे. तिच्या तोंडाला मलमलीचे फडके बांधले आहे आणि आत किंचित पिवळसर, गढूळ पाणी आहे. लांबून तो एखादा आयुर्वेदिक काढा वाटावा. पण जवळ जाऊन फडके सोडणारा माणूस दुसऱ्यांदा ते धाडस करीत नाही. सूनबाईंनी ती बरणी दोनदा उचलून गॅलरीत ठेवली आणि माझ्या नातीने दोनदा ती परत आणली. कारण तिच्या फायटर माशाने वसुबारसेच्या आधी दोन दिवस फेसाचे घरटे बांधले, त्यात अंडी आली, आणि आता टाचणीच्या टोकाएवढी शेदीडशे पिल्ले जेवणाची वाट पाहत आहेत.

"आजोबा, या घाण पाण्यात खरंच कुणी आहे?" तिने विचारले.

"आहेत तर! नुसते आहेत असं नाही, त्यांचा इतिहास आहे."

इतिहास म्हटला की आपल्याला तख्ते आणि तलवारी आठवतात. बरणीतल्या गढूळ पाण्याला कसला आला आहे इतिहास, असे कोणालाही वाटेल. मलाही वाटत असे. तो आहे हे मला कळले ते एका अपराधानंतर. म्हणून आधी तो अपराध सांगतो.

१९६१ सालची गोष्ट. आम्ही गिरगावातल्या एका चाळीत राहत होतो आणि मी दहा वर्षांचा होतो. चर्नी रोड स्टेशनच्या पलीकडे, समुद्राच्या काठी, तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले होते. तिथल्या काचांना नाक लावून मी जितके तास घालवले तितके शाळेच्या पुस्तकाला लावून घालवले नसतील. सहामाहीत गणितात बरे गुण पडले तेव्हा अण्णांनी क्रॉफर्ड मार्केटातून फायटर माशांची एक जोडी आणून दिली. लोणच्याच्या एका जुन्या बरणीत मी त्यांचा संसार थाटला.

फायटर हा मूळचा सयामकडचा मासा. दोन नर समोरासमोर आले की एकमेकांच्या परांच्या चिंध्या करतात, म्हणून त्याचे हे नाव. पण हाच मारकुटा नर बाप झाला की पाहण्यासारखा असतो. तोंडातून बुडबुडे सोडून तो पाण्यावर फेसाचे घरटे बांधतो, मादीने टाकलेली अंडी तोंडात गोळा करून त्या फेसात खोचतो, आणि मग अन्नपाणी विसरून खाली पहारा देतो. एखादे पिल्लू घरट्यातून निसटून खाली जाऊ लागले की हा धावतो, त्याला अलगद तोंडात धरतो आणि पुन्हा जागेवर नेऊन लावतो. दिवसरात्र हाच उद्योग. आमची आजी देवपूजा आटोपली की येऊन हे पाहत बसे. "माणसांत असे बाप थोडे," असे ती अण्णांकडे न पाहता म्हणे.

अंड्यांतून पिल्ले निघायला एकदीड दिवस लागतो. पुढचे दोनतीन दिवस त्यांच्या पोटाशी अंड्यातल्या बलकाची शिदोरी असते. ती संपली की ती आडवी होऊन पोहू लागतात. इथे बापाचे काम संपते. त्याला आता बाजूला काढायचे असते. इथून पुढे पिल्लांना चारा हवा.

दुकानदाराने सांगितले होते, उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून घाला. आमच्या घरात अंडे वर्ज्य. मी कोपऱ्यावरच्या इराण्याकडून मित्राकरवी अर्धे अंडे आणवले, जिन्याखाली बसून ते रुमालात चुरगाळले आणि चिमूट चिमूट बरणीत टाकले. पिल्लांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. बलक तळाशी बसला, दुसऱ्या दिवशी त्याला पांढरी बुरशी आली, पाणी दुधाळ झाले. तिसऱ्या दिवशी निम्मी पिल्ले गेली. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान करून मी ओल्या केसांनी बरणीपाशी गेलो, तर एकही हलत नव्हते. बाहेर फटाके वाजत होते आणि मी बरणी धरून रडत होतो.

आजीने पाठीवर हात ठेवला. "ज्यानं चोच दिली तो चारा देतो म्हणतात," ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "पण ती तळ्यातल्या माशांची गोष्ट. बरणीत तू घातलंस, तेव्हा चारा तू द्यायचा."

आमच्याच मजल्यावर एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करणारे एक गृहस्थ राहत. सारी चाळ त्यांना नाना म्हणे. फराळाला आले असताना त्यांनी माझे तोंड पाहून चौकशी केली आणि बरणी उजेडात धरली. "पिल्लू केवढं, त्याचं तोंड केवढं?" ते म्हणाले. "तीन मिलिमीटरचा जीव. बलकाचा कण म्हणजे त्याच्यापुढे केवढा तरी मोदक. शिवाय तो हलत नाही. या पिल्लांना हललेलंच दिसतं, आणि जे हलतं तेच ती धरतात. त्यांना जिवंत चारा पाहिजे, आणि तोही डोळ्यांना न दिसणारा."

"तो कुठं मिळतो?" मी विचारले.

नाना देवघराकडे पाहत होते. देवघराच्या बाजूला आजीची निर्माल्याची कुंडी असे. रोजची फुले, बेल, दुर्वा त्या कुंडीत पाण्यात पडत आणि आठवड्यातून एकदा ते सारे चौपाटीवर समुद्रात जाई. नानांनी खिशातून भिंग काढले, कुंडीतल्या पाण्याचा एक थेंब काचेवर घेतला आणि मला खिडकीपाशी नेले. भिंगाखाली पांढरे ठिपके होते. ते धावत होते, वळत होते, एकमेकांवर आपटून मागे सरत होते.

"काकू," नाना हसून म्हणाले, "तुमच्या देवाच्या दुर्वांत केवढी वस्ती आहे पाहा!"

आजीला ते मुळीच आवडले नाही. तो प्रसंग पुढे सांगतो. त्याआधी, तो ठिपका माणसाने पहिल्याने कधी पाहिला ते सांगायला हवे.

साल १६७४. जूनमध्ये रायगडावर शिवछत्रपतींना राज्याभिषेक झाला, आणि त्याच उन्हाळ्यात हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावी लेव्हेनहूक नावाचा एक कापडाचा व्यापारी जवळच्या तळ्यातले पाणी बाटलीत भरून घरी घेऊन आला. या माणसाला लॅटिन येत नव्हते, विद्यापीठाचे तोंड त्याने पाहिले नव्हते. पण स्वतः घासलेल्या इवल्या भिंगांतून पाहण्याचा त्याला नाद होता. तळ्याच्या पाण्यात त्याला फिरणारे सूक्ष्म जीव दिसले. पुढे १६७६ साली तो एका वेगळ्याच कोड्याच्या मागे लागला. मिरे तिखट का लागते? त्याला वाटे, मिऱ्याच्या कणांना बारीक काटे असतील आणि ते जिभेला टोचत असतील. ते काटे पाहावेत म्हणून त्याने मिरे पाण्यात भिजत घातले. काटे काही दिसले नाहीत. काही दिवसांनी त्या पाण्यात जीवांची जत्रा मात्र दिसली. डच व्यापाऱ्यांनी पूर्वेकडून नेलेल्या मिऱ्यांचे हे पाणी शास्त्राच्या इतिहासात अजरामर झाले.

ऑक्टोबर १६७६ मध्ये त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला हे लांबलचक पत्राने कळवले. तिथल्या विद्वानांना ते पटेना. तेव्हा या गृहस्थाने काय करावे? गावातल्या पाद्र्यांना आणि इतर प्रतिष्ठितांना बोलावून भिंगातून पाहायला लावले आणि आठ जणांच्या साक्षी लंडनला पाठवून दिल्या! शेवटी १६७७ च्या नोव्हेंबरात रॉबर्ट हूकने मिऱ्याचे पाणी स्वतः करून सभासदांना दाखवले, तेव्हा शंका फिटली. या हूकला असली नजर आधीपासून होती. सिरक्यात वळवळणारे सुताएवढे किडे त्याने १६६५ च्या आपल्या 'मायक्रोग्राफिया' ग्रंथात वर्णिले होते, आणि त्याच्याही आधी १६५६ साली पिएर बोरेल या फ्रेंच वैद्याने त्यांची नोंद केली होती. मासे पाळणारे लोक आजही हे सिरक्यातले किडे बाटलीत वाढवतात.

भिजत घातलेल्या पाण्यात सापडतात म्हणून अठराव्या शतकात या जीवांना 'इन्फ्युजोरिया' हे नाव पडले. इन्फ्युजन म्हणजे भिजवून काढलेला अर्क. पण नाव पडले तरी ते येतात कोठून, हे कोणालाच कळत नव्हते. आधी स्वच्छ पाणी, त्यात मूठभर गवत, आणि चार दिवसांत लाखो जीव! अनेकांना वाटे, सडण्यातूनच जीव आपोआप जन्मतो. १७४८ साली नीडहॅम या इंग्रज पाद्र्याने मटणाचा रस्सा उकळून, बाटलीला बूच मारून ठेवला. काही दिवसांनी त्यात जीव दिसले. झाले, आपोआप जन्माचा पुरावा मिळाला! इटलीतला स्पालान्झानी हाही पाद्रीच. त्याने सुमारे वीस वर्षांनी बाटलीचे तोंडच वितळवून बंद केले, बराच वेळ उकळले, आणि दाखवून दिले की आत काहीही जन्मत नाही. विरोधक म्हणाले, तुम्ही उकळून हवेतली जीवनशक्तीच मारलीत. हा तंटा शंभर वर्षे चालला. १८६० च्या सुमारास फ्रान्समध्ये लुई पाश्चरने हंसाच्या मानेसारख्या वाकड्या नळीच्या बाटल्या केल्या. त्यांत हवा जाई, पण धूळ वाकणात अडकून राही. उकळलेला रस महिनोन् महिने स्वच्छ राहिला. मान मोडली की सडला. जीव धुळीबरोबर येतात, शून्यातून नव्हे.

तरीही गवताने एक शेवटचा घोटाळा घातलाच. १८७६ साली जॉन टिंडल हा शास्त्रज्ञ लंडनमध्ये वाळल्या गवताचा काढा उकळून निर्जंतुक करू पाहत होता. पूर्वी पाच मिनिटांत साधे, ते आता तासन् तास उकळूनही साधेना. प्रयोगशाळेत जुन्या गवताचा भारा आला होता, आणि त्यात असे काही जंतुबीज होते की उकळत्या पाण्यालाही ते दाद देत नव्हते. त्याच साली जर्मनीत फर्डिनांड कोनने या जंतूंची कवचबंद बीजे ओळखली. टिंडलने युक्ती काढली: थोडे उकळावे, एक दिवस थांबावे, पुन्हा उकळावे. मधल्या वेळात बीज अंकुरते, कोवळे होते आणि पुढच्या उकळीत मरते.

ही सारी बरणी मारण्याची खटपट झाली. आम्हा मासे पाळणाऱ्यांची खटपट नेमकी उलटी, बरणी जगवण्याची. पाश्चर ज्या धुळीला आत येऊ देत नव्हता तिची आम्ही वाट पाहतो.

मासे काचेत ठेवून पाहण्याची आवड तशी त्याच शतकातली. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली मत्स्यगृह उघडले आणि पुढच्याच वर्षी फिलिप गॉस याच्या पुस्तकाने 'अॅक्वेरियम' हा शब्द घरोघर नेला. पॅरिसमध्ये १८६९ साली चीनहून 'पॅरडाइज' मासे आले आणि पिएर कार्बोनिए याने त्यांची पिल्ले वाढवली. हा मासा आमच्या फायटरचा भाऊबंदच. तोही फेसाचे घरटे करतो. आपल्याकडे माशांना चारण्याचा विचार त्याहून फार जुना. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' रचला, त्यात मत्स्यविनोदाचे प्रकरण आहे आणि कोणत्या माशाला काय चारावे हेही आहे. पण राजाची नजर गळाला लागणाऱ्या मोठ्या माशांवर. ज्याचे तोंड डोळ्यांना दिसत नाही त्याच्या घासाचा विचार करायला आधी भिंग यावे लागले.

नानांनी मला पहिला इतिहास सांगितला तो हा. दुसरा आपल्या मुंबईच्या दाराशी होता.

इन्फ्युजोरियावर पिल्ले आठवडाभर निघतात. मग त्यांना जरा मोठा घास हवा. वडाळ्याच्या मिठागरांवरून आगगाडी जाताना आम्ही पांढऱ्या राशी पाहत असू. त्या आगरांच्या कडक खारट पाण्यात, जिथे मासा जगत नाही, तिथे आर्टेमिया नावाचा बोटाच्या पेराएवढाही नसलेला कोळंबीवजा जीव राहतो. इंग्लंडमधल्या लिमिंग्टनच्या मिठागरात श्लोसर याने १७५५ साली तो पाहून त्याचे वर्णन केले. लिबियातल्या फेझानच्या वाळवंटी तळ्यांकाठचे लोक तो वाळवून खात. पण त्याची खरी किमया अंड्यात. पाणी आटू लागले की मादी कवचबंद अंडी टाकते. ती वाळूच्या कणासारखी कोरडी होतात, वर्षानुवर्षे पडून राहतात, आणि खाऱ्या पाण्यात पडली की चोवीस ते छत्तीस तासांत त्यांतून नारिंगी पिल्ले निघतात. त्यांच्या अंगात ट्रेहॅलोज नावाची एक साखर असते. पाणी निघून गेल्यावर पेशींतल्या नाजूक रचनांना ती सांभाळून धरते. आपण मुरांबा साखरेत टिकवतो, निसर्ग जीव टिकवतो!

ही पिल्ले अर्ध्या मिलिमीटरहून लहान असतात. माशांच्या पिल्लांना हा उत्तम चारा आहे, हे १९३३ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टाइनहार्ट मत्स्यालयातल्या आल्विन सील यांनी जाहीर केले. १९३९ साली नॉर्वेत रोलेफसेन यांनी याच चाऱ्यावर समुद्रातल्या माशांची पिल्ले वाढवल्याचे सांगितले. तोपर्यंत जिवंत चारा म्हणजे तळ्याकाठी जाळे घेऊन हिंडणे. आता तो डब्यात भरून कपाटात ठेवता येऊ लागला. मुंबईच्या मिठागरांत हा जीव आहे, ही नोंद १९५३ साली डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी केली. म्हणजे मी रडत होतो तेव्हा माझ्या माशांच्या पिल्लांचा चारा लोकलच्या तिकिटाएवढ्या अंतरावर होता!

आता आजीची गोष्ट पुरी करतो.

निर्माल्यात किडे आहेत म्हटल्यावर आजीने कुंडी उचलली ती थेट चौपाटीला न्यायलाच. नाना म्हणाले, "काकू, वाळल्या दुर्वांवर यांची बीजं झोपलेली असतात. पाणी मिळालं की उठतात. घाण नाही ती." आजी थांबली, पण तिने विचारले ते मला अजून विसरता आलेले नाही. "माशांच्या पोरांना चारा मिळाला. पण जे चारा झाले, त्यांनाही कुणी चोच दिलीच असेल ना?"

नाना काही बोलले नाहीत. शास्त्राचा माणूस, पण मान खाली घालून चहा पीत राहिले.

दुसऱ्या दिवशी माझ्या उशाशी एक लहान मातीची कुंडी होती आणि तिच्यात वाळल्या दुर्वांची एक जुडी. देवाची कुंडी तिने वेगळी ठेवली होती, ही माझी. अट एकच घातली: पिल्ले खातील तेवढेच थेंब घालायचे, आणि उरलेले पाणी मोरीत न ओतता तुळशीला घालायचे. पुढे पुस्तके वाचताना मला कळले की अहिंसेसाठी घातलेली ती अट माशांसाठीही उत्तम होती. जास्त चारा घातला की तो मरतो, सडतो आणि पिल्लांना घेऊन जातो. माझी पहिली पिल्ले उपासाने मेली तशीच माझ्या उतावळेपणानेही मेली होती.

ज्यांच्या घरात असा छंद आहे त्यांच्यासाठी कृती सांगून ठेवतो. मूठभर वाळले गवत किंवा पेंढा लिटरभर पाण्यात उकळावा, गाळून निववावा. रुंद बरणीत ओतून त्यात स्वच्छ तळ्यातले दोन चमचे पाणी घालावे, हे विरजण. ते कशासाठी? गवतावर काही जीवांची कवचे असतात, ते आपोआप उठतात. पण पॅरामिशियम हा पिल्लांचा आवडता जीव असे कवच करीत नाही, त्याला पाण्यातूनच आणावे लागते. नाना त्यासाठी बाणगंगेचे पाणी घेऊन आले होते, आणि त्यामुळे आजीचा उरलासुरला राग मावळला होता. बरणीच्या तोंडाला फडके बांधावे, नाहीतर डास अंडी घालतील. पहिले तीनचार दिवस पाणी दुधाळ होते आणि वास मारते; त्या वेळी ते वापरू नये. मग ते निवळू लागते. काळ्या कापडासमोर धरून बाजूने उजेड टाकावा. पांढरी धूळ हिंडताना दिसली की चारा तयार. सकाळ-संध्याकाळ थोडे थेंब द्यावेत. पिल्लांची पोटे फुगीर दिसली की पोचले असे समजावे.

आर्टेमियाची अंडी आता बाजारात मिळतात. लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे मीठ, पाव चमचा अंडी, आणि हवेचे बुडबुडे सोडणारी नळी. दुसऱ्या दिवशी नळी बंद केली की टरफले वर तरंगतात आणि पिल्ले उजेडाकडे जमतात. ती फडक्यात गाळावीत आणि गोड्या पाण्याने धुऊन मगच द्यावीत.

त्या वर्षी तुळशीच्या लग्नानंतर माझ्या फायटरने पुन्हा घरटे बांधले. या वेळी एकोणीस पिल्ले मोठी झाली. एकोणीस हा काही मोठा आकडा नव्हे, पण चाळीतल्या प्रत्येक मजल्यावर त्यांतले एकेक गेले आणि आजीने प्रत्येक घरी जाऊन सांगितले, "थोडंच घाला हो, थोडंच."

आज आजी नाही, नानाही नाहीत. आजीच्या प्रश्नाला साठ वर्षांत मला उत्तर सापडलेले नाही. काल रात्री लक्ष्मीपूजन झाल्यावर सगळे फटाके पाहायला खाली गेले. नात मात्र वरच थांबली. तिने देवापुढची एक पणती आणून बरणीच्या मागे ठेवली आणि दिवे मालवले. काचेच्या त्या बाजूला हळूहळू पांढरी धूळ जमू लागली.

"आजोबा, आले!" ती कुजबुजली. मग तिने ड्रॉपर उचलला आणि माझ्याकडे पाहून विचारले, "किती घालू?"

"थोडंच," मी म्हणालो. "आणि उरलेलं पाणी तुळशीला."